थांबता न येणारे खाणे : स्थूल किशोरवयीन मुले आणि त्यांचे मन

सातारा-सांगलीत मुलांच्या आहाराचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा कमी वजनावर येऊन थांबतो. त्याला कारणही आहे. माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसत आले. कृष्णा-वारणेकाठच्या फडांवर दरवर्षी येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले कोपीतच वाढतात. अशा मुलखात अंगाने भरलेले मूल ही खात्यापित्या घरची खूण ठरते. लहानपणी त्याचे गाल ओढून कौतुक होते. काळजी सुरू होते ती आठवी-नववीच्या पुढे, मुलगी असेल तर थोडी आधीच, आणि तीही चिडवणे, रागावणे, ताटातली पोळी काढून घेणे अशा वाटेने.

या कौतुकाच्या आणि रागाच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो. यातली काही मुले खायला बसली की थांबूच शकत नाहीत. भूक नसताना खातात, लपून खातात, खाऊन झाल्यावर स्वतःचीच घृणा करतात. हा लाडाचा परिणाम, स्वभावाचा दोष, मनाचा आजार की बाजाराची करामत? गेली साठ-पासष्ट वर्षे जगभरात यावर वाद चालू आहे. तो आज कुठे येऊन ठेपला आहे आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्याचा अर्थ काय लागतो, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

आकड्यांची बाजू

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटातली सुमारे २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि सुमारे ५ टक्के जादा वजनाची. म्हणजे एका जाड मुलामागे जवळजवळ पाच हडकुळी. एवढ्यावर थांबले तर प्रश्न किरकोळ वाटेल. पण २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार ५ ते १९ वयोगटातली स्थूल भारतीय मुले १९९० मध्ये सुमारे चार लाख होती आणि २०२२ मध्ये ती सव्वा कोटीवर गेली. २०२५ च्या युनिसेफच्या अहवालात जगभरच्या शाळकरी मुलांमध्ये स्थूलतेचे प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) पुढे गेलेले दिसले. भारतात अजून तसे झालेले नाही, पण वाट तीच आहे.

स्थूल कुणाला म्हणायचे, याची मोजपट्टी आपल्याकडे थोडी वेगळी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारलेले वाढीचे तक्ते वापरले जातात. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. प्रौढांच्या २३ या बॉडी मास इंडेक्सशी जुळणारी रेषा ओलांडली की जादा वजन आणि २७ शी जुळणारी ओलांडली की स्थूलता, असे हे तक्ते मानतात. पाश्चात्त्य रेषांपेक्षा या रेषा खाली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासांतून भारतीय बाळ ‘दिसायला बारीक, आतून चरबीचे’ असते हे दाखवले, त्याची पार्श्वभूमी या खालच्या रेषांना आहे.

ही सारी सर्वेक्षणे उंची आणि वजन मोजतात. खाताना ताबा सुटतो का, हा प्रश्न त्यांत नसतो. त्यासाठी बाहेरच्या अभ्यासांकडे पाहावे लागते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका अंदाजानुसार जादा वजनाच्या आणि स्थूल मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांमध्ये कधी ना कधी ताबा सुटून खाण्याचा प्रकार असतो. पूर्ण आजाराच्या व्याख्येत बसणारी मुले यापेक्षा बरीच कमी. म्हणजे स्थूल मुलांतली बहुसंख्य मुले असे खात नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. जाड मूल दिसले की ‘हावरट’ म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घेतलेले बरे.

खूप खाणे आणि ताबा सुटणे

लग्नाच्या पंगतीत जिलेबीच्या ताटावर पैज लावणारा पोरगा आजारी नसतो. होळीला चार पुरणपोळ्या खाऊन लोळत पडणाराही नसतो. ‘बिंज ईटिंग’ म्हणजे झपाटून खाणे या नावाने मानसोपचारात जे ओळखले जाते, त्याची अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीतली व्याख्या अशी : साधारण दोन तासांच्या आत इतर कुणी खाईल त्यापेक्षा निश्चितच जास्त खाणे, आणि खाताना आपल्याला थांबता येत नाही असे वाटणे. त्याच्या जोडीला घाईघाईने खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकट्याने खाणे आणि नंतर अपराधी वाटणे यांपैकी किमान तीन गोष्टी असाव्यात. हे तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा घडले पाहिजे. मुद्दाम उलटी काढणे किंवा तत्सम उपाय त्यात नसतात. ते असतील तर तो बुलिमिया, वेगळा आजार.

किशोरवयात या व्याख्येतला पहिला भाग डळमळतो. तालमीत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने सकाळी किती भाकऱ्या खाव्यात, हे कोण ठरवणार? उंची वाढत असते, भूक खरीच असते. म्हणून मुलांवर काम करणाऱ्या संशोधकांनी, त्यांत अमेरिकेच्या मॅरियन टॅनॉफ्स्की-क्राफ यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल, किती खाल्ले यापेक्षा ताबा सुटल्याच्या भावनेला अधिक महत्त्व दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणानेही प्रमाण फार मोठे असण्याची अट सैल केली. टीकाकारांचे म्हणणे असे की यामुळे साधे चरणेसुद्धा आजारात मोजले जाईल. समर्थक सांगतात की ‘मला थांबता येत नाही’ हे मुलाचे वाक्य पुढच्या मानसिक त्रासाची चाहूल प्रमाणापेक्षा चांगली देते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण पहिल्यांची भीती खोटी नाही.

वादाचा इतिहास

स्थूलतेकडे मनाच्या बाजूने पाहण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. हिल्डा ब्रुख या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्थूल मुलांच्या घरांचा अभ्यास केला. बाळ कशासाठीही रडले तरी आई त्याला भरवत राहिली, तर पुढे त्याला भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक कळेनासा होतो, असे त्यांनी मांडले. या मांडणीने आईच्या माथी बराच दोष मारला, अशी टीका नंतर झाली आणि ती रास्त होती. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी स्थूल रुग्णांमधल्या काहींच्या झपाटून खाण्याचे वर्णन केले. त्याआधी, १९५५ मध्ये, रात्री उठून खाणाऱ्यांचेही केले होते. तरीही अधिकृत नियमावलीत हा प्रकार १९९४ साली फक्त ‘अभ्यास व्हावा’ म्हणून परिशिष्टात आला आणि स्वतंत्र आजार म्हणून मान्य व्हायला २०१३ उजाडले. स्टंकार्ड यांच्या निरीक्षणानंतर चोपन्न वर्षांनी.

भारतात हा विषय आला तो उलट्या दाराने, म्हणजे न खाण्याच्या आजारांमधून. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली, तेव्हा धोक्याच्या रेषेवर जाणाऱ्या मुलींची संख्या फुगलेली दिसली. नीट पाहिल्यावर कळले की जेवणाविषयीच्या काही प्रश्नांना त्या आपल्या चालीरीतींप्रमाणे, उपवासाच्या सवयीप्रमाणे उत्तरे देत होत्या. त्यांना आजार नव्हता, प्रश्न परका होता.

हा धडा आपल्याकडे आजही लागू आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र असे उपवास धरणाऱ्या घरात ‘तू मुद्दाम जेवण टाळतेस का?’ या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? पण गोष्ट इथे संपत नाही. वजनाची धास्ती घेतलेली मुलगी उपवासाचा आडोसाही घेऊ शकते. देवाच्या नावाने न जेवलेल्या मुलीला कुणी विचारत नाही, उलट शाबासकी मिळते. दिवसभर चहावर काढायचा आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू यांवर तुटून पडायचे. हा उपवास सोडणे आहे की ताबा सुटणे, हे तिला स्वतःलाही सांगता येईलच असे नाही. श्रद्धा आणि धास्ती वेगळ्या काढणारी प्रश्नावली मराठीत बनवायची असेल, तर तिची सुरुवात इथून करावी लागेल.

चार मते

ताबा का सुटतो, यावर चार मते आहेत. पहिले मत भावनांचे. माणूस दुःख, राग, कंटाळा, एकटेपणा सहन होत नाही म्हणून खातो. काही क्षण डोके बधिर होते आणि तेवढ्यापुरती सुटका मिळते. हेदरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१ मध्ये याला स्वतःपासून पळण्याचा मार्ग म्हटले. प्रौढांना दिवसभरात वेळोवेळी मनःस्थिती विचारून केलेल्या अभ्यासांत झपाटून खाण्याआधी मन खाली गेलेले स्पष्ट दिसते. मुलांमध्ये चित्र इतके स्वच्छ नाही. काही अभ्यासांत त्या क्षणीच्या उदासीपेक्षा घरातले किंवा मैत्रिणींमधले भांडण हे खाण्याआधीचे कारण ठरले. उदासी आणि स्थूलता एकमेकांना वाढवतात, हे मात्र बऱ्यापैकी मान्य आहे. उदास किशोरवयीन मुले पुढे स्थूल होण्याचा धोका जास्त, असे २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. २००३ मधल्या दुसऱ्या अभ्यासात अतिस्थूल मुलांनी आपल्या आयुष्याची प्रत जवळजवळ कर्करोगग्रस्त मुलांइतकी खालची सांगितली.

दुसरे मत याच्या उलट टोकाने सुरू होते : आधी उपाशी ठेवणे, मग तुटून पडणे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवले. प्रयोग संपल्यावर त्यांतले अनेकजण पोट भरले तरी खातच राहिले. त्यांच्या मनात त्याआधी काही बिघाड नव्हता. १९७५ च्या सुमारास हर्मन आणि मॅक यांनी गमतीदार प्रयोग केला. पथ्यावर असणाऱ्यांना आणि नसणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवले. पथ्य न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, पथ्यावरच्यांनी जास्त. एकदा नियम मोडलाच आहे तर मग होऊन जाऊ दे! डायन न्यूमार्क-स्टेनर यांच्या मिनेसोटातल्याच दीर्घ अभ्यासात किशोरवयात स्वतःच्या मनाने डाएट करणाऱ्यांचे वजन काही वर्षांनी कमी झालेले नव्हते, उलट वाढलेले होते, आणि झपाटून खाणेही जास्त होते.

महाराष्ट्रात हे मत ऐकवणे सोपे नाही. २०१८ च्या आसपास दोन वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत घरोघर पोहोचली. ऋजुता दिवेकर यांच्या थोडे थोडे, पारंपरिक खाण्याच्या सल्ल्याशी तिची तुलना होऊन वर्तमानपत्रांत आणि लग्नकार्यांत सारख्याच हिरिरीने वाद झडले. ती पद्धत मुळात प्रौढांसाठी सांगितलेली. पण आई-वडील दोघे दोन वेळा जेवणारे झाले की घरातली नववीतली मुलगीही तेच करते. तिला कुणी सांगितलेले नसते आणि कुणी अडवतही नाही.

या मताविरुद्धचा पुरावाही नोंदवला पाहिजे. एरिक स्टाइस यांनी प्रयोगात काही मुलींना नीट आखलेल्या कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवले तेव्हा त्यांची झपाटून खाण्याची लक्षणे वाढली नाहीत, कमी झाली. म्हणजे स्वतःच्या मनाने, गुपचूप, एक जेवण गाळत केलेले डाएट आणि देखरेखीखालचा आहार यांना एकाच नावाने हाक मारली, तर वाद सुटणार नाही.

तिसरे मत अन्नाकडे बोट दाखवते. केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे दिले. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या पंधरवड्यात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. पाच-दहा रुपयांच्या चटपटीत पाकिटांची माळ आज दुष्काळी वाडीतल्या टपरीवरही लटकलेली असते. येल विद्यापीठातल्या ॲशली गिअरहार्ट यांनी २००९ मध्ये व्यसन मोजायच्या पद्धतीने अन्नाची ओढ मोजणारी श्रेणी बनवली. त्याला योहानेस हेबेब्रांट आदींनी २०१४ मध्ये उत्तर दिले : एखाद्या पदार्थात दारू-निकोटीनसारखा घटक सापडलेला नाही, व्यसन असलेच तर खाण्याच्या वर्तनाचे आहे. साताऱ्यासारख्या गावी, जिथे व्यसनमुक्तीची भाषा लोकांना ओळखीची आहे, तिथे हा मुद्दा चटकन पटतो. पण दारू पूर्ण सोडता येते, जेवण सोडता येत नाही. आणि ‘हे वर्ज्यच’ असा नियम केला की दुसऱ्या मताने सांगितलेला मिल्कशेकचा खेळ सुरू होतो.

चौथे मत शरीराचे. एफटीओ जनुकाच्या विशिष्ट रूपाचा संबंध वजनाशी असल्याचे २००७ मध्ये आढळले आणि ताबा सुटून खाण्याशीही असल्याचे पुढे मुलांमध्ये दिसले. अवधानाचा अभाव असलेली अतिचंचल मुले, पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असलेल्या मुली, झोप अपुरी असलेली मुले यांच्यात धोका वाढतो. हे मत ऐकल्यावर मुलावरचा ‘आळशी’, ‘हावरट’ हा शिक्का थोडा सैल होतो, हा त्याचा मोठा फायदा. मात्र ज्या तीस वर्षांत मुलांतली स्थूलता एवढी वाढली तेवढ्यात जनुके बदलत नाहीत, हा आक्षेपही तितकाच मोठा.

चिडवणे, तालीम आणि भरती

या चारही मतांना छेद देणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल संशोधकांत फारसे दुमत नाही : वजनावरून टोमणे. घरच्यांनी वजनावरून चिडवलेली मुले पुढे जास्त झपाटून खातात आणि जास्त जाड होतात, हे वेगवेगळ्या ठिकाणी दिसले आहे. आपल्याकडे ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘भोपळा’ ही हाक प्रेमानेच मारली जाते, असे आपणच ठरवून टाकलेले आहे. मुलीच्या बाबतीत मावशी-आत्या यांचे ‘अगं, किती सुटलीस!’ हे वाक्य भेटीची सुरुवात असते, आणि त्याच मावशीच्या घरी दुसऱ्या मिनिटाला ताटात आग्रहाने तिसरा लाडू पडतो. या दोन हुकमांमध्ये चौदा वर्षांच्या मुलीने काय करायचे, हे तिला कुणी सांगत नाही. वर पुढच्या लग्नाचा विषय असतोच.

मुलांचा मार्ग वेगळा आहे, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. झपाटून खाण्याच्या आजारात मुलगे-मुली यांचे अंतर इतर खाण्याच्या आजारांपेक्षा कमी असते. पण मुलगा लपून खात असेल तर ‘वाढीचं वय आहे, खाऊ दे’ यावर विषय मिटतो. सांगली-साताऱ्याच्या मातीत कुस्ती आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्य मिळवले ते बँटमवेट गटात. वजनगटात उतरण्यासाठी पाणी-जेवण तोडायचे आणि वजन झाल्यावर भरभरून खायचे, ही पद्धत जगभरच्या कुस्तीत आहे आणि खाण्याच्या विकारांचे अभ्यासक तिच्याकडे जोखीम म्हणून पाहतात. तालीम सोडल्यावर खुराक तसाच राहिला तर काय होते, हे गावोगावी दिसते. त्याला कुणी आजार म्हणत नाही. दुसरा दबाव भरतीचा. अपशिंगे मिलिटरी या फौजी गावाचा वारसा सांगणाऱ्या सातारा जिल्ह्यात पोलीस आणि सैन्यभरतीच्या अकॅडम्या जागोजाग आहेत. तिथे सतरा-अठरा वर्षांच्या स्थूल मुलाचे वजन चारचौघांत मोजले जाते, आणि मैदानी चाचणीची तारीख जवळ आली की रात्रीचे जेवण पहिले बंद होते.

वसतिगृहांचा विचारही करायला हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली तेव्हापासून बोर्डिंगची परंपरा सातारा जिल्ह्याच्या अंगवळणी पडली आहे. पाचगणीच्या निवासी शाळा आहेत, १९६१ पासूनचे सैनिक स्कूल आहे. मेसचे जेवण ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर, मोजून मिळते, आणि घरून आलेला फराळाचा डबा पेटीत कुलपात असतो. वसतिगृह आपोआप वाईट असे नाही. नियमित वेळेला जेवण हाच पुढे सांगितलेल्या उपचाराचा पाया आहे. पण कुलपातला डबा एकट्याने एका बैठकीत संपवणाऱ्या मुलाची खबर रेक्टरला लागतेच असे नाही.

उपचार : आधी वजन की आधी खाणे?

सगळ्यात तापलेला वाद इथे आहे. मानसोपचारांमध्ये सर्वाधिक आधार आहे तो ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या विचार-वर्तन पद्धतीला. दिवसाला ठरलेल्या वेळी जेवण आणि मधले खाणे, कधी काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय होते याची वही, वर्ज्य पदार्थांची यादी हळूहळू मोकळी करणे, असे तिचे स्वरूप. नात्यांवर काम करणारी आंतरव्यक्ती उपचारपद्धती किशोरवयीनांना जवळची वाटावी, कारण त्यांचे खाणे भांडणांशी बांधलेले दिसते. टॅनॉफ्स्की-क्राफ यांनी ११३ मुलींवर ती वापरून पाहिली आणि निकाल २०१४ मध्ये मांडला : वर्षभराने मोठ्या प्रमाणात झपाटून खाणे कमी झाले, पण वजनावर ती साध्या आरोग्यशिक्षणापेक्षा सरस ठरली नाही. मनावरचा उपचार मनावर चालला, काट्यावर नाही. काही डॉक्टर याला अपयश म्हणतात, काहींना तेच यश वाटते, आणि हा फरक पुराव्याचा कमी, अपेक्षेचा जास्त आहे.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने स्थूल मुलांबाबत वाट न पाहता लवकर, जोरकस उपचार सुरू करा असे सांगितले : तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन, बारा वर्षांपासून औषधांचा आणि तेरापासून गंभीर स्थूलतेत शस्त्रक्रियेचा विचार. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. मुलांना वजनाच्या नजरेने पाहायला शिकवले की विकार वाढतील, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने सिडनीच्या हिबा जेबेले आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचा धांडोळा घेऊन दाखवले की तज्ज्ञांच्या देखरेखीखालच्या वजन-उपचारात सरासरीने खाण्याच्या विकारांची लक्षणे वाढत नाहीत, बहुधा घटतात. त्याच गटाला आता सरासरीमागची मुले शोधायची आहेत : थोड्या मुलांचे बिघडते, ती कोणती, आणि आधीच ओळखता येतील का.

नवी इंजेक्शने या वादात मध्येच शिरली आहेत. २०२२ मध्ये सेमाग्लुटाइडच्या किशोरवयीनांवरील चाचणीत ६८ आठवड्यांनी बॉडी मास इंडेक्स सरासरी सुमारे १६ टक्के घटला. वापरणारे प्रौढ ‘डोक्यातला खाण्याचा गोंगाट’ कमी झाल्याचे सांगतात. झपाटून खाण्याच्या आजारासाठी म्हणून ही औषधे मंजूर नाहीत. औषध थांबल्यावर भूक परत येते तेव्हा त्या मुलाच्या मनाचे काय होते, याची उत्तरे अजून यायची आहेत.

इथली व्यवस्था

२६ तास हा आकडा वाचून सांगलीच्या सिव्हिलमधला निवासी डॉक्टर हसेल. ओपीडीत एका मुलामागे मिळतात ती मिनिटे. तरीही हा भाग वैद्यकीय दृष्ट्या उघडा पडलेला नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरजेला वैद्यकनगरी म्हणून ओळख आहे. मिरजेचे शासकीय महाविद्यालय, कऱ्हाडचे कृष्णा, सांगलीचे भारती विद्यापीठ आणि साताऱ्याचे नवे शासकीय महाविद्यालय यांमुळे बालरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सापडतात. अडचण दोन विभागांमधल्या जिन्याची आहे. वजनाची तक्रार घेऊन आलेले मूल आहारतज्ज्ञाकडे जाते, उदासीची तक्रार घेऊन आलेले मनोविकार विभागात, आणि दोन्ही तक्रारी एकाच मुलाच्या आहेत हे कुणाच्या कागदावर येत नाही. ‘मानसिक’ हा शिक्का नको म्हणून पालकही तो जिना चढायला नाखूश असतात.

सरकारी आराखड्यात जागा आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण आणि मानसिक आरोग्य दोन्ही आहेत. त्याखालची किशोरवयीनांची केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून चालतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे. मधल्या सुट्टीचे सरकारी जेवण आठवीपर्यंतच मिळते, म्हणजे नेमक्या नववीपासून मूल टपरीच्या हवाली होते. शाळेच्या उपाहारगृहातून जंक फूड काढण्याचा आदेश महाराष्ट्राने २०१७ मध्ये काढला. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही बंदी शाळेभोवतीच्या ५० मीटरपर्यंत नेली. पन्नासाव्या मीटरनंतर काय विकले जाते, ते शाळा सुटताना पाहावे.

साताऱ्याकडे एक वेगळी पुंजी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर व सहकाऱ्यांनी भावनिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण साध्या कार्यकर्त्यांपर्यंत नेण्याचे केलेले काम. खाण्याच्या विकारांसाठी ते उभारलेले नाही. पण ताबा सुटणाऱ्या माणसाशी लाज न आणता कसे बोलावे, याचा सराव असलेली माणसे त्यामुळे गावात आहेत, आणि हे कौशल्य शाळेतल्या समुपदेशकाला उसने घेता येण्यासारखे आहे.

न सुटलेले

ताबा सुटून खाणे आधी येते की उदासी, याचा निकाल बहुधा एकच लागणार नाही. वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळा क्रम असेल. ही मान्यता वाढते आहे, पण समोरच्या मुलात कोणता क्रम आहे हे ओळखायची सोपी रीत अजून हाती नाही. लहान वयात ताबा सुटणे आटोक्यात आणले तर पंचविशीत वजन आणि मधुमेह खरोखर कमी होतो का, यावर पुरावा तुटपुंजा आहे. याज्ञिकांनी दाखवलेल्या भारतीय शरीरयष्टीत तर झपाटून खाणारे, पण तक्त्यावर साधारण दिसणारे मूल चाळणीतून सहज निसटेल.

सगळ्यात जवळचा प्रश्न व्यवहाराचा आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, उंची-वजन घेतात. त्याच वेळी, एकट्याला बाजूला घेऊन, ‘खायला लागलास की थांबता येत नाही असं कधी होतं का?’ एवढे विचारावे, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हो म्हणणाऱ्या मुलाला पाठवायचे कुठे याची सोय नसताना विचारणे म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक शिक्का मारणे, आणि रांगेत कान देऊन उभ्या असलेल्या वर्गाला नवे टोपणनाव पुरवणे. पहिला पक्ष याला उत्तर देतो की सोय नसल्यामुळे विचारायचे नाही आणि विचारले नाही म्हणून मागणी दिसत नाही, या चक्रातून कुपोषणाचा प्रश्नही कधीतरी बाहेर काढावा लागलाच होता. त्या वेळी वजनकाटे आधी आले आणि पोषण पुनर्वसन केंद्रे नंतर. या वेळी कोणता क्रम लावायचा, यावर दोन्ही जिल्ह्यांतल्या बालरोग आणि मनोविकार विभागांना एकत्र बसावे लागेल.